फरक कुणी भरायचा?

गरिबांच्या ताटात भाकरी, डाळ आणि पालेभाजी कशी जाईल, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. दलाल हटवा, आठवडी बाजार भरवा, परसबागा लावा, लोकांना आहाराचं महत्त्व पटवून द्या. या सगळ्या उत्तरांत एक मोठी सोय आहे: सरकारी तिजोरीला हात लावावा लागत नाही. म्हणूनच ती इतकी लोकप्रिय असावीत.

परसबागेबद्दल फार बोलण्याची गरज नाही. गावात, अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या आवारात ती चांगलीच. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात आणि पाणी पहाटे पाऊण तास येतं, तिथे कुंडी कुठे ठेवायची हे सांगणाऱ्याने आधी हंडा कुठे ठेवायचा ते सांगावं.

प्रबोधनवाल्यांचं म्हणणं असं, की गरिबांना आहाराची जाण नसते, पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतात पण भाजी घेत नाहीत. संध्याकाळी कुठल्याही वस्तीच्या तोंडावर हातगाडीपाशी उभं राहून पाहावं. कामावरून परतलेली बाई मेथीची जुडी हातात घेते, उलटीपालटी करते आणि ठेवून देते. तिला मेथीचे गुण ठाऊक असतात. पण जुडी निवडली, शिजवली की ओंजळभर उरते, हेही ठाऊक असतं. बटाट्याच्या रश्शात पाणी घालून तो पाच जणांत पुरवता येतो. मेथी पुरवता येत नाही. मग ती टोमॅटोचा दहा रुपयांचा वाटा घेते, त्यावर मिरची-कोथिंबीर मागून घेते आणि निघते. रोजची मजुरी, घरात फ्रीज नाही, म्हणून रोजची खरेदी. आणि वाट्याने घेणाऱ्याला किलोचा भाव कधीच मिळत नाही. तिचा हिशेब आहारतज्ज्ञाच्या हिशेबापेक्षा कच्चा मुळीच नाही. (सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पुडा स्वस्त करायला कुणाला प्रबोधनाची आठवण झाली नाही.)

दलालांविषयीचा राग मात्र नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा रुपया किलोने विकला. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता हाती आले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. ही बातमी देशभर गाजली. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटो पिकवणाऱ्याला ३३ पैसे मिळतात, कांदावाल्याला ३६. मग उरलेले पैसे दलालाने खाल्ले, असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो. त्यात गाडीचं डिझेल आहे, वाटेत नासलेला माल आहे, अडत्याचा नफा आहेच; पण हमालाची मजुरी आहे आणि हातगाडीवालीची रोजीरोटीही आहे. हमालाला दोन पैसे मिळावेत म्हणून महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. त्याची मजुरी कापून भाजी स्वस्त करायची, तर लक्षात ठेवावं की तो हमालही त्याच वस्तीत राहतो आणि तोच वाटा विकत घेतो. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. म्हणून वस्तीतल्या हातगाडीवर मेथी परवडू लागली, असं कुणी छातीठोकपणे म्हणेल?

थेट विक्रीचंही तसंच. तमिळनाडूने १९९९ मध्ये ‘उळवर संदै’ सुरू केले, शेतकऱ्यांना त्यांचा उपयोग झाला. आपल्याकडचे शेतकरी बाजार मात्र बहुधा मोठ्या सोसायट्यांच्या आवारात भरतात. शेतकऱ्याची त्यात चूक नाही. जिथे चांगला भाव मिळेल तिथेच तो जाणार.

इथे मुरलेला अर्थशास्त्री विचारतो, शेतकऱ्याला रास्त भाव आणि गरिबाला स्वस्त माल, दोन्ही एकदम कसं जमेल? त्याचं बरोबर आहे. नुसत्या बाजारात ते जमतच नाही. पण त्यातून ‘सोडून द्या’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की मधला फरक कुणीतरी भरायला हवा. आणि तो भरायचा कसा, हे या देशाला चांगलं ठाऊक आहे. गहू-तांदळासाठी आपण तेच करत आलो. केंद्राचं अन्न अनुदान वर्षाला दोन लाख कोटींच्या घरात आहे. राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी निघाली, तेव्हा शहरातल्या प्रत्येक थाळीमागे सरकारने चाळीस रुपये घातले. फरक भरण्याला तत्त्वतः कुणाची हरकत नाही, मग भाकरीपाशीच हात का आखडतो?

आता हिशेबच मांडू. २०२४-२५ मध्ये मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता, २०२५ च्या खरेदीत गव्हाचा २,४२५. किलोमागे दहा रुपयांचा फरक. माणशी महिना दोन किलो गव्हाऐवजी ज्वारी दिली, तर वीस रुपये जास्त. राज्यातले सुमारे सात कोटी रेशन लाभार्थी धरले तरी वर्षाला सतराशे कोटींच्या आसपास. लाडक्या बहिणीसाठी वर्षाला ४६ हजार कोटी मोजायची तयारी ज्या राज्याने दाखवली, त्याला हे झेपत नाही असं म्हणणं अवघड आहे.

यावर ‘बहिणीला पैसे दिलेत ना, तिला हवं ते ती घेईल’ असं उत्तर येतं. घेईलही. पण तिचे पंधराशे रुपये शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी काहीच सांगत नाहीत. सरकारी खरेदी सांगते. पंजाबी माणूस पोळी खाणारा, तरी पंजाबात एवढा भात पिकतो, कारण तिथे सरकार तो घेतं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात होतं त्याच्या एक तृतीयांशही ज्वारीचं क्षेत्र आज उरलेलं नाही. म्हणूनच राज्यभर एकदम ज्वारी द्या, असं मी म्हणत नाही. तेवढी ती पिकतच नाही. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर इथे पिकते तिथेच घ्यावी, तिथल्याच गोदामात ठेवावी, तिथल्याच दुकानांत द्यावी. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद २०१३ पासूनच आहे.

‘लोक ज्वारी उचलत नाहीत’ हा शेवटचा आक्षेप. कोणती ज्वारी? बहात्तरच्या दुष्काळातली लाल मिलो अजून आजीच्या बोलण्यात येते, आणि पावसात भिजून काळी पडलेली खरिपाची ज्वारी पिशवीत पडली, तर ती शेळीपुढेच जाणार. मंगळवेढ्याची ज्वारी देऊन पाहावी, मग कोण परत करतं ते बोलू. शेजारी कर्नाटकात रेशनवर दक्षिणेला नाचणी आणि उत्तरेला ज्वारी दिली जाते. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्यांची मोहीम काढली आणि नाचणी रेशनवर आणली, काही ठिकाणी तर अंगणवाडीत नाचणीचे लाडूही. आपण २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात पामतेल होतं. शेंगदाणा, करडई, सोयाबीन पिकवणाऱ्या राज्याने गरिबाच्या दिवाळीसाठी परदेशी झाडाचं तेल निवडलं.

भाजीची गोष्ट ज्वारीसारखी नाही. ती गोदामात ठेवता येत नाही आणि रेशनच्या दुकानात टिकणार नाही. तिची वाट शाळेच्या खिचडीतून जाते. ब्राझीलने २००९ मध्ये कायदा करून शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान तीस टक्के पैसा छोट्या शेतकऱ्यांच्या मालावर खर्च करायला लावला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली; अशा राज्याने जानेवारी २०२५ मध्ये शालेय आहारातल्या आठवड्याच्या एका अंड्याचा निधी बंद केला. तो आधी सुरू करावा. मग शाळेच्या भाजीसाठी तालुक्यातल्याच बचतगटांशी आणि शेतकरी गटांशी वर्षभराचा, ठरल्या दराचा करार व्हावा, आणि पैसे दर महिन्याला खात्यावर पडावेत. बिलं सहा-सहा महिने अडकली, तर दुसऱ्या वर्षी त्या करारावर सही करायला कुणी येणार नाही.