मुख्यमंत्री किती बदलले हे मोजू नका, खातं कोणाकडे राहिलं ते बघा

एकदा सोसायटीच्या गेटजवळ दोन पक्षांचे दोन उमेदवार एकाच वेळी भेटले. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान होतं, त्यामुळे तेव्हा हे रोजचंच. त्यांच्यात वाद काय पेटला, तर राज्यात सरकार 'खरं' कोणाचं! रस्ता नाही, पाणी नाही, चर्चा एकच, मुख्यमंत्रीपदाची. घरी आलो आणि म्हटलं, एकदा हिशेब लिहूनच काढू.

१ मे १९६० पासून आजपर्यंत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रीपदावर वीस माणसं बसली. त्यात कन्नमवारांच्या निधनानंतर जेमतेम दहा दिवस काम पाहिलेले पी. के. सावंतही आले. या वीस जणांत पूर्ण पाच वर्षांचा कार्यकाळ सलग पुरा करणारे किती? दोन. वसंतराव नाईक आणि २०१४ ते २०१९ चे देवेंद्र फडणवीस. बाकी कोणाला दिल्लीने बोलावून घेतलं, कोणाला दिल्लीने घालवलं, कोणी न्यायालयाच्या ताशेऱ्यानंतर गेलं (अंतुले, निलंगेकर), कोणाचं सरकार स्वतःच्याच मंत्र्याने पाडलं. १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार शरद पवारांनी पाडलं, ती गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होती. पुढे १९८० च्या फेब्रुवारीत पवारांचं ते पुलोद सरकार इंदिराबाईंनी बरखास्त केलं. थोडक्यात काय, 'पूर्वी राजकारण स्थिर होतं हो' असं जे कट्ट्यावर ऐकू येतं ते फक्त वसंतराव नाईकांच्या अकरा वर्षांना लागू आहे. १९७५ नंतर महाराष्ट्राने स्थिरता फारशी पाहिलेलीच नाही.

तरी २०१९ ची विधानसभा म्हणजे कहर होता. एकाच विधानसभेत तीन मुख्यमंत्री: सकाळी सकाळी शपथ घेऊन ऐंशी तासांत पायउतार झालेले फडणवीस, मग अडीच वर्षं उद्धव ठाकरे, मग एकनाथ शिंदे. आणि गंमत बघा, या तिन्ही मंत्रिमंडळांत उपमुख्यमंत्री म्हणून अजित पवार होते! नोव्हेंबर २०१९ ला, डिसेंबर २०१९ ला आणि जुलै २०२३ ला. आपण मत दिलं एकदाच. त्याच मतातून तीन सरकारं निघाली.

आपल्या १४५ मीरा-भाईंदरमध्येही वेगळं काही झालं नाही. २०१९ ला आपण अपक्ष म्हणून गीता जैन यांना निवडून दिलं. त्यांनी आधी भाजपला पाठिंबा दिला, २०२० मध्ये त्या शिवसेनेत गेल्या आणि २०२२ नंतर शिंदे यांच्यासोबत. आमदार तीच, मतदार तेच, बाजू तीन. त्यांना एकट्यांना दोष देत नाही, त्या काळात अर्धं विधिमंडळ तसंच फिरत होतं.

आता जरा लांबचं उदाहरण देतो, रोमानियाचं. हसू नका. तिथेही पंतप्रधान टिकत नाहीत. २०१७ मध्ये तर सत्ताधारी पक्षाने स्वतःच्याच पंतप्रधानावर अविश्वास ठराव आणून त्याला घालवला आणि पुढच्या सात महिन्यांत आणखी दोन पंतप्रधान बघितले. पण त्याच देशात नोव्हेंबर २०२१ मध्ये एकमेकांचे हाडवैरी असलेले दोन मोठे पक्ष एकत्र आले आणि ठरलं की आधी दीड वर्ष पंतप्रधान यांचा, नंतर त्यांचा. जून २०२३ मध्ये चुका नावाच्या पंतप्रधानाने खरंच राजीनामा दिला आणि तीन दिवसांत दुसऱ्या पक्षाच्या चोलाकूंनी शपथ घेतली. ठरल्यापेक्षा दोन-तीन आठवडे उशीर झाला, एवढंच. तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. पण तो करार सही केलेला होता, लोकांसमोर होता. आपल्याकडचं अडीच-अडीच वर्षांचं प्रकरण कुठे ठरलं? बंद दाराआड. एक म्हणतो ठरलं होतं, दुसरा म्हणतो नव्हतं. सहा वर्षं झाली, खरं काय ते तुम्हाला-मला माहीत नाही आणि त्याची किंमत मात्र आपण मोजली.

किंमत कशी? जून २०२२ आठवा. ३० जूनला शिंदे आणि फडणवीस, दोघांनीच शपथ घेतली आणि ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, बारा-तेरा कोटींच्या राज्याचं मंत्रिमंडळ दोन माणसांचं होतं. घटनेच्या कलम १६४ मध्ये २००३ च्या दुरुस्तीने लिहिलंय की मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांहून जास्त नको (आपल्याकडे ४३) आणि मुख्यमंत्री धरून बारापेक्षा कमी नको. वरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, कारण तिच्यामुळे इच्छुकांचा पत्ता कट होतो. खालची कोणी वाचतच नाही. त्या दोघांच्या मंत्रिमंडळाने पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी केला, ते बरंच झालं. पण महापालिकांमधली वाढवलेली नगरसेवकसंख्या रद्द करण्याचा निर्णयही त्याच चाळीस दिवसांतला. त्यावरून प्रकरण न्यायालयात गेलं. ओबीसी आरक्षणाचा गुंता आधीपासून होताच. आपल्या महापालिकेची मुदत त्याच ऑगस्टमध्ये संपली आणि तेव्हापासून तीन वर्षांहून जास्त काळ इथे प्रशासक बसला. ९५ नगरसेवकांच्या शहरात तेव्हा एकही नगरसेवक नव्हता. गटाराचं झाकण गेलं तरी आयुक्तांना मेल करायचा.

आणि तो प्रशासक कोणाच्या हाताखाली? इथे माझा खरा मुद्दा येतो. आयुक्त नेमणं, विकास आराखडा, एमएमआरडीए हे सगळं नगरविकास खात्याच्या कक्षेत. हे खातं २०१४ ते २०१९ खुद्द मुख्यमंत्री फडणवीसांकडे होतं. ठाकरे सरकारात ते शिंदे यांच्याकडे आलं. शिंदे मुख्यमंत्री झाले, खातं त्यांच्याकडेच. डिसेंबर २०२४ मध्ये उपमुख्यमंत्री झाले, तरी खातं त्यांच्याकडेच. मधे फक्त तीन-चार दिवस, २७ जून २०२२ पासून सरकार पडेपर्यंत, ते सुभाष देसाईंकडे होतं. म्हणजे टीव्हीवर सरकारं कोसळत होती, आपण मोबाईलवर भांडत होतो आणि मीरा-भाईंदरपुरतं सरकार सहा वर्षं बदललेलंच नाही! ज्याला श्रेय द्यायचंय त्याने द्यावं, ज्याला जाब विचारायचाय त्याने विचारावा, पण 'आधीच्या सरकारमुळे अडलं' हे वाक्य निदान या खात्यापुरतं कोणी ऐकून घेऊ नये.

सूर्या पाणी योजनेचंच घ्या. ४०३ दशलक्ष लिटरपैकी २१८ आपल्या वाट्याचे आणि १८५ वसई-विरारचे. वसई-विरारला २०२३ मध्ये पाणी सुरू झालं. आपण मात्र खाडीच्या अलीकडे वाट बघत बसलो. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धे भागात, मग विरोध झाल्यावर डोंगरीला, मग डोंगरीच्या झाडांवरून विरोध. यातली एकही गोष्ट मुख्यमंत्री कोण यावर अडलेली नव्हती.

पालकमंत्र्यांचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२२ नंतर ठाण्याचे पालकमंत्री होते साताऱ्याच्या पाटणचे शंभूराज देसाई. आता शिंदे आहेत. आणि आपल्या घोडबंदर-काशिमीऱ्याच्या बाजूचे आमदार प्रताप सरनाईक परिवहनमंत्री झाले, तर ते पालकमंत्री कुठले? धाराशिवचे. नेमणुकीत राजकारण असणारच, ते मान्य. पण धाराशिवकरांनाही विचारा त्यांना काय वाटतं.

त्या दिवशी गेटजवळच्या दोघांना मी शेवटी मधे पडून विचारलं, निवडून आल्यावर महापौरपदासाठी कोणाशी युती कराल, ते आज कागदावर लिहून द्याल का? महापौराची मुदत तर कायद्यानेच अडीच वर्षांची आहे, वाटून घेणं सोपं. एक म्हणाला, "काका, ते वरून ठरतं." दुसऱ्याने मान डोलावली. सकाळपासून त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच वाक्य होतं. कागद मी खिशात ठेवलाय, कोरा आहे. पुढच्या उमेदवाराला दाखवणार आहे.