जुन्या मोटारीस परक्या गाडीचें एंजिन

यवतमाळाहून मूर्तिजापुरास जाणारी 'शकुंतला' आगगाडी तुमच्या घरच्या वडीलमंडळींस चांगली आठवत असेल. इ. स. १९२१ मध्यें मँचेस्टर येथें बांधलेलें वाफेचें एंजिन १९२३ पासून सत्तर वर्षें ती गाडी ओढीत होतें. १५ एप्रिल १९९४ रोजीं तें काढून त्या जागीं डिझेल एंजिन जोडण्यांत आलें. कोळसा गेला, पाणी भरणें गेलें. परंतु रूळ तेच जुने व अरुंद राहिल्यानें गाडीची चाल मंदच राहिली. पुढें ती गाडीही बंद पडली. एंजिन बदललें म्हणून गाडी बदलत नाहीं, हा धडा आपल्या जिल्ह्यास तेव्हांच मिळाला होता. रस्त्यावरील मोटारींच्या बाबतींत मात्र आपण तो विसरतों, म्हणून हे चार शब्द.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. वडिलांच्या मागें त्याच्या वांट्यास पेट्रोलवर चालणारी एक जुनी जीप आली आहे, व तिच्यावरच त्याचें घर चालतें. बाजाराच्या दिवशीं तींत खेड्यापाड्यांचे उतारू बसतात. एरवीं शाळेचीं मुलें. एंजिन थकलें होतें. मिस्त्रीनें भंगारांतून निराळ्याच जातीच्या गाडीचें डिझेल एंजिन स्वस्तांत देऊं केलें होतें. "सर, मिस्त्री म्हणतो हमखास बसेल. बसवूं का?" असें त्यानें विचारलें.

बसेल, यांत मला संशय नव्हता. आपले मिस्त्री कल्पक आहेत. पट्ट्या कापून, वेल्डिंग करून ते कोणतेंही एंजिन कोणत्याही सांगाड्यावर टेकवितील. परंतु एंजिन हा गाडीचा एकटा अवयव नव्हे. डिझेल एंजिन सामान्यतः वजनानें जड असतें. तो भार पुढच्या स्प्रिंगांवर व ब्रेकांवर पडतो. त्याचे हादरे मोठे, म्हणून त्याचे आधार निराळे लागतात. तें कमी फेऱ्यांत जोर देतें, म्हणून पेट्रोल एंजिनासाठीं योजिलेल्या गिअरांशीं त्याचा मेळ बसत नाहीं. याहून नाजूक गोष्ट ब्रेकची आहे. पुष्कळ गाड्यांत ब्रेक दाबण्यास व्हॅक्यूमचें साहाय्य असतें, व पेट्रोल एंजिनांत तो व्हॅक्यूम हवा ओढण्याच्या नळींतच उत्पन्न होतो. डिझेल एंजिनांत तसा तो होत नसल्यानें निराळा पंप लावावा लागतो. हा पंप राहून गेला तर सपाट रस्त्यावर चालकास कदाचित् फारसें कळणार नाहीं. परंतु पुसदच्या बाजूच्या डोंगराळ उतारावर, गाडींत मुलें भरलेलीं असतां, तें एकाएकीं कळेल.

कोणी म्हणेल, कारखानदारही असेंच करितात ना? करितात. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानें १९८५ मध्यें '११८ एन ई' नांवाची मोटार काढली. तिचा सांगाडा फियाटचा, तर एंजिन जपानच्या निसानचें. परंतु त्यांनीं एंजिनाबरोबर गिअरबॉक्सही निसानचीच घेतली, आणि तो संबंध मेळ कारखान्याच्या नांवानें व जबाबदारीवर बाजारांत आला. भंगारांतील एंजिनामागें असा जबाबदार कोण उभा आहे?

कायदाही हाच प्रश्न विचारतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. निराळ्या इंधनाकरितां मान्य संच अटींप्रमाणें बसविण्याची सवलत आहे. ती परक्या एंजिनाची मोकळीक नव्हे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा अर्थ कडकच लाविला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनीस हात आखडण्यास सबब मिळते. आणि एंजिन चोरीच्या गाडीचें निघालें तर त्यावरील नंबरच मालकास चौकीवर नेतो.

गरिबास हें सर्व सांगणें सोपें आहे, याची मला जाणीव आहे. ज्याची चूल गाडीवर पेटते त्याला नुसतें "करूं नको" म्हणून भागत नाहीं. म्हणून आम्ही दोघांनीं कागद घेऊन हिशेब मांडला. परक्या एंजिनाची किंमत थोडी. पण आधार, गिअर, स्प्रिंगा, पंप, रेडिएटर यांचा खर्च मांडतां मांडतां ती स्वस्ताई उरली नाहीं. त्यापेक्षां आपल्याच एंजिनाचे सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन व रिंगा घालणें बरें पडत होतें. ब्लॉकच फुटला असता, तर त्याच जातीचें एंजिन पक्क्या पावतीसह घेऊन, आधीं परिवहन कार्यालयाची परवानगी काढून, नवा नंबर नोंदणीपत्रांत चढविणें हा मार्ग होता. त्यानें बोअर करून घेतलें. तीन आठवडे गाडी उभी राहिली, व ते दिवस त्याच्या घरीं ओढाताणीचे गेले, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

तुमच्यांपैकीं कित्येक उद्यां औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत जाऊन मोटारींचे कारागीर होतील. तुमच्यापुढेंही असा गरजू मालक येऊन उभा राहील. त्या वेळीं "बसेल काय?" एवढेंच पाहूं नका. "ही गाडी थांबेल काय, आणि न थांबली तर उत्तर कोण देईल?" हें आधीं विचारा, आणि मगच पान्यास हात घाला.