कपाट एक, भाषा किती?

मंडळी, आज जरा भांडायचंय.

इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "चिनी ना? मग एकच कपाट पुरे. लिपी तर एकच!" इथेच माझं डोकं फिरतं.

मुळात लिपी एक नाही. चीनने १९५६ पासून अक्षरं सोपी केली. तैवान आणि हाँगकाँग जुन्या अक्षरांवरच राहिले. जुन्या लिपीत 'नंतर' आणि 'राणी' यांना दोन वेगळी चिन्हं आहेत, सोप्या लिपीत दोघांना एकच. जुन्यातून नव्यात जाणं सोपं, पण परत येताना संगणकाला संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो. म्हणून ग्रंथ ज्या लिपीत छापला, त्याच लिपीत जपा. रूपांतराचं बटण खुशाल द्या, पण मूळ प्रतीला हात लावू नका.

आणि भाषा? तीही एक नाही. १८८५ साली तैवानमधल्या ताइनानला चर्चचं एक वृत्तपत्र निघालं. भाषा दक्षिण मिन, लिपी रोमन. फक्त मँडरिन येणाऱ्याला ते वाचता यायचं नाही. मध्य आशियातले डुंगान लोक तर मँडरिनचीच एक बोली सिरिलिक लिपीत लिहितात. त्यांची पुस्तकं काय रशियनच्या फळीवर ठेवायची? मग रोमीतली कोंकणी पोर्तुगीजच्या फळीवर ठेवा की!

"मग कन्फ्यूशियसच्या काय सहा प्रती ठेवणार?" अजिबात नाही. अभिजात चिनी ही सगळ्यांची सामायिक मिळकत. तिचं कपाट वेगळं, प्रत एकच. पण माजघर सामायिक आहे म्हणून कुणाची खोली काढून घेत नाहीत.

खरी पंचाईत आहे ती हान बांगछिंगच्या १८९४ च्या कादंबरीची. निवेदन मँडरिनच्या वळणाचं, संवाद मात्र सुझौच्या वू बोलीतले. ती कुठे ठेवायची? माझं उत्तर सरळ आहे: पुस्तक एकदाच, नोंद दोन्हीकडे. संगणकावर त्याला जागाही लागत नाही, मग कंजूषी कशाला? वू भाषेच्या यादीत ती दिसली नाही, तर वू बोलणाऱ्या पोराला आपल्या भाषेत असं काही लिहिलं गेलंय हे कळणार कसं?

भाषा म्हणजे कपाट, लिपी म्हणजे पुस्तकावरची चिठ्ठी. चिठ्ठी बघून कपाट ठरवू नका, एवढंच म्हणणं आहे.

असो. पटत नसेल तर जरूर भांडा.