ग्रुपवर फक्त 'ओके मॅडम'



ईदनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी आमची भाची घरी आली, चप्पल काढता काढताच मोबाइल आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "खाला, हा ग्रुप सोडून देऊ का? अब्बा म्हणतायत, आजच्या आज सोड."

भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. दूरस्थ पद्धतीनं शिकते. घर इथं वाघोलीत, अभ्यासकेंद्र पुण्यात. नगर रस्त्याची वाहतूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत गेली, पण शहर काही जवळ आलं नाही. केसनंद फाट्यावर बस अडकली की रविवारचा संपर्क वर्ग अर्धा संपलेला असतो. त्यामुळे तिच्यासाठी कॉलेज म्हणजे मोबाइलमधला तो ग्रुपच. तो सोडला की उरतं काय? पुस्तकं आणि परीक्षा.

आम्ही ग्रुप उघडून पाहिला. दीडशेच्या वर मुलं-मुली. एक पीडीएफ, त्याखाली 'ओके मॅडम', 'थँक्यू मॅम', जोडलेले हात. मग सकाळच्या शुभेच्छांची फुलं. मग कुणाचा तरी प्रश्न, परीक्षेचा फॉर्म कधी? पुन्हा पीडीएफ, पुन्हा 'ओके मॅडम'. दोन-तीन महिने असेच. इतिहासाच्या ग्रुपवर इतिहासाबद्दल एक वाक्य नाही. आणि मग एका ठिकाणी आमचं बोट थांबलं.

नव्यानं आलेल्या मॅडमनी विचारलं होतं, 'तुमच्या घरातला सगळ्यात जुना कागद कोणता? तो कुणी, कोणत्या भाषेत, कशासाठी लिहिला? त्यावरून त्या काळाबद्दल काय कळतं आणि काय कळत नाही?'

आमच्या भाचीनं उत्तर लिहिलं होतं. तिच्या नानीच्या, म्हणजे आमच्या अम्मीच्या निकाहनाम्याबद्दल. फोटो टाकला नव्हता, नावं दिली नव्हती. कागद उर्दूत आहे, मेहरची रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोन्हींत आहे, साक्षीदार सगळे पुरुष आहेत, नवऱ्याची सही आहे आणि नवरीचा अंगठा आहे, असं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: 'नानीनं ज्या कागदावर अंगठा उठवला तो कागद आज मी वाचू शकते, पण त्या दिवशी तिला काय वाटलं ते या कागदात नाही.'

तो निकाहनामा आम्ही शंभर वेळा हाताळला आहे. अंगठ्याकडे आमचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

तिच्या खाली तेवीस उत्तरं आली होती. शिरूरकडच्या एका मुलानं लिहिलं, आमच्याकडे पणजोबांचा मोडीतला कागद आहे, घरात कुणालाच वाचता येत नाही. एका मुलीनं लिहिलं, 'आई-वडील खाणीत दगड फोडायचे. गाव सोडून आले तेव्हा काही आणलं नाही. आमच्या घरात जुना कागदच नाही.' त्यावर मॅडमनी लिहिलं, 'कागद नसणं हीसुद्धा इतिहासातली नोंद आहे. मग ज्यांच्या घरात कागद नाही त्यांचा इतिहास कशावरून लिहायचा?' आणि मुलं सुचवू लागली: आजीच्या गोष्टी, ओव्या, देवस्थानं आणि दर्गे, खाणीतली हत्यारं, मजुरीची वही. संशोधनाच्या साधनांचा अख्खा पाठ त्या एका संध्याकाळी झाला होता.

मग ग्रुप सोडायचं का? तर त्याच रात्री भाचीच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून दोन फोन आले. तिसऱ्यांदा 'हाय' असा निरोप. नंबर ग्रुपवरूनच घेतला होता, उघड होतं. ती इतके दिवस गप्प होती तोवर दीडशे नंबरांतला तिचा एक नंबर कुणाच्या लक्षात आला नव्हता. बोलली, आणि लक्षात आला.

दुल्हाभाईंचा राग आम्हाला चुकीचा वाटला नाही. मुलीचा नंबर दीडशे अनोळखी लोकांकडे जावा, असं कोणत्या बापाला वाटेल? पण आम्ही त्यांना एवढंच म्हटलं, "दुल्हाभाई, खोट नंबर दिसण्यात आहे, तिच्या लिहिण्यात नाही. आज ग्रुप सोडला तर ती एवढंच शिकेल, की तोंड उघडलं की त्रास होतो."

ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गॅरेजवर गेले.

वाचकहो, या विषयावर आम्ही का लिहितो आहोत ते सांगतो. आम्ही स्वतः एम.ए. बहिःस्थ केलं. शाळेची नोकरी, घर, लहान मूल. अप्पा बळवंत चौकातून गाईडं आणली, पाठ केली, पेपर लिहिले, पास झालो. त्या दोन वर्षांत वाचलेल्या एकाही कादंबरीबद्दल आम्ही एकाही माणसाशी बोललो नाही. पदवी मिळाली, चर्चा राहून गेली.

कला शाखेचं हेच वेगळेपण आहे. गणितात दोन मुलींची उत्तरं जुळली की आपण खूश होतो. इतिहासात, साहित्यात दोघींची उत्तरं शब्दन् शब्द जुळली तर समजावं, दोघींनी एकच गाईड वापरलं. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी घ्या. 'कथानक थोडक्यात लिहा' असं विचारलं तर दीडशे उत्तरं सारखी येतील, आता तर चॅटजीपीटीच लिहून देईल. पण भुकेल्या माणसांसाठी फकिरानं केलेली लूट तुम्हाला गुन्हा वाटते का, आणि तुमच्या गावच्या धान्य दुकानदाराला ती काय वाटेल, असं विचारलं तर प्रत्येकीला स्वतःकडे बघावं लागतं. आणि दुसरीनं वेगळं लिहिलेलं वाचलं की आपलं मत पुन्हा तपासावं लागतं. मदरशांत उस्तादाभोवती गोल करून बसायचं आणि सवाल-जवाबातून शिकायचं, ही रीत आपल्या ओळखीची आहे. घरी बसून शिकणाऱ्या मुलीला तो गोल मिळत नव्हता, एवढंच.

आपल्याकडे पुस्तक घरी पोचवण्याचं काम पुष्कळ झालं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, त्याचं ब्रीदच 'ज्ञानगंगा घरोघरी'. १९९८ मध्ये हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आलं, उर्दूतून घरबसल्या शिकण्याची सोय झाली. २०१७ च्या जुलैत केंद्र सरकारनं 'स्वयम्' सुरू केलं. त्यावर इतिहास, भाषा, समाजशास्त्र असे कला शाखेचे अभ्यासक्रम आहेत. शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी. विद्यापीठानं मान्यता दिली असेल तर त्याचे क्रेडिट पदवीत धरले जातात. 'स्वयम्'च्या प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनाचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि चौथा भाग चर्चेचा. आमच्या पाहण्यातल्या मुली पहिले तीन भाग नेटानं करतात आणि चौथा उघडूनही बघत नाहीत. त्याला मार्क नाहीत ना!

ब्रिटनमध्ये १९६९ पासून ओपन युनिव्हर्सिटी आहे. तिथल्या गिली सॅमन या प्राध्यापिकेनं अशा चर्चा चालवण्यावर २००० साली पुस्तक लिहिलं. त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. पहिली, आत शिरता येणं आणि यावंसं वाटणं. दुसरी, एकमेकांची ओळख आणि विश्वास. तिसरी, माहितीची देवाणघेवाण. चौथी, सगळ्यांनी मिळून विचार पुढे नेणं. पाचवी, आपण काय शिकलो हे स्वतःच तपासणं. आपले ग्रुप पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात आणि तिथंच बसून राहतात. नोट्स आल्या, नोट्स गेल्या. दुसरी पायरी, विश्वासाची, कुणी बांधतच नाही. आमच्या भाचीचा पाय नेमका तिथंच अडकला.

इथं आम्हा शिक्षकांचाही कबुलीजबाब द्यायला हवा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि आम्हीही वर्गाचा ग्रुप केला. पहिल्या आठवड्यात मुलांनी एवढा गोंधळ घातला की आम्ही 'फक्त अॅडमिन लिहू शकेल' हे बटण दाबलं. मोठी शांतता झाली. त्या शांततेलाच आम्ही शिस्त समजलो. वर्षभर आमच्या ग्रुपवर फक्त आम्हीच बोलत होतो. म्हणून त्या नव्या मॅडमचं आम्हाला कौतुक वाटतं. त्यांनी प्रश्न असा विचारला की ज्याचं उत्तर गाईडात नाही, मोबाइलातही नाही, फक्त घरात आहे. आणि उत्तर आल्यावर 'छान' म्हणून सोडून न देता पुढचा प्रश्न विचारला.

आम्ही भाचीला म्हटलं, ग्रुप सोडण्याआधी मॅडमना काय घडलं ते लिही. तीन वेळा लिहून तिनं खोडलं, चौथ्यांदा पाठवलं. मॅडमचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. त्याआधी आणखी दोन मुलींनी हेच सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या. त्या मुलाला समज दिली गेली. आणि पुढच्या आठवड्यापासून चर्चा गुगल क्लासरूमवर गेली. तिथं नाव दिसतं, नंबर दिसत नाही. जुना ग्रुप फक्त सूचनांसाठी राहिला. दुल्हाभाईंनी क्लासरूम स्वतः उघडून, खालीवर करून पाहिलं. मग म्हणाले, "ठीक है. लेकिन रात को दस के बाद नहीं." भाचीनं कबूल केलं.

ज्यांच्या घरात अशा मुली किंवा सुना शिकत आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. पहिली, मुलीचा ग्रुप कोणत्या अॅपवर आहे ते पाहा. व्हॉट्सअॅपच्या साध्या ग्रुपवर सगळ्यांना नंबर दिसतो. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, क्लासरूमवर तो नसतोच. कॉलेजला तसं सुचवायला पालकांनी लाजू नये. दुसरी, निकाहनामा असो की आधार कार्ड, घरातल्या कागदांचे फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नयेत. त्यात काय आहे ते शब्दांत लिहिता येतं, आणि अभ्यास त्यातूनच होतो. तिसरी, कुणी त्रास दिला तर निरोप पुसू नये. त्याचा स्क्रीनशॉट ठेवून नंबर ब्लॉक करावा आणि शिक्षकांना कळवावं. मुलीनं हे घरात सांगितलं की मोबाइल काढून घेतला जातो, या भीतीनं मुली सांगतच नाहीत. निदान ती भीती तरी घालवू या.

चौथी गोष्ट भाषेची. आपल्या मुली घरात दखनी बोलतात, शाळेत उर्दू किंवा मराठी, पुस्तकं तिसऱ्याच भाषेची. दीडशे लोकांसमोर मराठी चुकेल म्हणून त्या लिहीत नाहीत. भाचीनंही निकाहनाम्याची ती आठ वाक्यं आधी वहीत लिहिली, मग मोबाइलवर. चुकली तर चुकू द्या. चार वेळा लिहिल्यावर पाचव्यांदा नीट येतं, हे पंधरा-वीस वर्षं मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवून आम्ही सांगतो.

आता भाची आठवड्यातून दोनदा तरी लिहिते. परवा सांगत होती, क्लासरूमवर साठ-सत्तरच जण आले, बाकीचे जुन्या ग्रुपवरच 'ओके मॅडम' म्हणत बसलेत. आम्ही विचारलं, "आणि ती मुलगी? जिच्या घरात कागद नाही ती?"

"ती नाही आली, खाला. तो मोबाइल तिच्या भावाचा होता. तो आता कामावर घेऊन जातो."

आम्ही दोघींनी मिळून मॅडमना ते कळवलं आहे. भाची त्या मुलीला दर रविवारी अभ्यासकेंद्रावर भेटायचं आणि तिचं उत्तर आपल्या मोबाइलवरून, तिच्या नावानं पाठवायचं, असं सध्या ठरलं आहे. बस केसनंद फाट्यावर अडकली नाही तर.

तुमच्या घरात एकच मोबाइल असेल आणि शिकणारी मुलगी असेल, तर रोज एक तास तो तिच्या हाती द्या, आणि त्या तासात तिला चहा टाकायला उठवू नका. या महिन्यापुरतं एवढंच मागणं. पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.