नक्षीची किंमत, जवारीचे मोल

१. लातूर आणि मिरज रेल्वेने जोडली गेली ती १९२७ मध्ये. आजही लातूर-नांदेडचा गायनाचा विद्यार्थी तंबोऱ्यासाठी मिरजेला गेला, की एकाच कारागिराचे मध्यम किमतीचे आणि महागडे तंबोरे शेजारी-शेजारी दिसतात. महाग तो अधिक सुरेल, हा समज मात्र तपासावा लागतो.

२. हे कारागीर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी ओसरली आणि त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले.

३. महाग तंबोऱ्यात लाकूड अधिक निवडक असते, हे खरे. पण बरीचशी किंमत वेलबुट्टीची असते. नाद खुलतो तो पंढरपूर परिसरातल्या उत्तम भोपळ्यामुळे आणि जवारीमुळे. घोडीचा माथा कानसेने इतका नेमका घासायचा, की तार त्याला हलकेच स्पर्शून झंकारावी, हीच जवारी.

४. नक्षी डोळ्यांना दिसते, म्हणून तिला दर मिळतो. जवारी कानालाच कळते, म्हणून तिची मजुरी तोकडी पडते. विद्यार्थ्याने नक्षी खुशाल सोडावी. जवारीच्या मजुरीत घासाघीस करू नये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही विद्या जाणणारे हात टिकले, तरच त्याला अर्थ.