पहिल्या बाराचा आवाज

बंदुकीविषयी आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत जी धास्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे, तिच्यात गोळीच्या भयापेक्षा आवाजाच्या भयाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत चांदमारीच्या मैदानावर नवख्या माणसांशेजारी उभे राहता राहता दृढ होत गेले आहे. गोळी कोणी पाहिलेली नसते. बार मात्र प्रत्येकाने, निदान चित्रपटगृहात तरी, ऐकलेला असतो. सबब ज्याला ही विद्या प्रथमच दाखवायची आहे, त्याच्या हाती पहिल्या दिवशी पॉइंट टू-टूची, आणि तीही नळीच्या तोंडाशी सायलेन्सर चढविलेली, रायफल द्यावी, असे माझे स्पष्ट प्रतिपादन आहे. आणि मी राहतो त्या अमेरिकेत या उपकरणावरून नव्वद वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वादात शिक्षणाची ही बाजू कोणी फारशी मांडत नाही म्हणूनच हा लेखनप्रपंच.

कानाजवळ अकस्मात स्फोट झाला की पापणी मिटते, मान आखडते आणि मूठ आवळली जाते. ही क्रिया इच्छेला जुमानत नाही. चाप ओढण्याचे कर्म मात्र इच्छेच्या अत्यंत सूक्ष्म नियंत्रणाखाली व्हावे लागते. पहिल्या दहा-वीस बारांत ज्याच्या शरीराने बोटाची हालचाल आणि कानठळ्या यांची सांगड घातली, तो पुढे आवाज होण्यापूर्वीच दचकू लागतो, नळी ऐन क्षणी खाली झुकते, आणि नेम का चुकतो हे त्याचे त्यालाही कळत नाही. हा रोग उघडकीस आणण्यासाठी जाणते शिक्षक जिवंत काडतुसांत एखादे निर्जीव काडतूस गुपचूप मिसळून ठेवतात. चाप ओढल्यावर बार होत नाही, पण नळी मात्र खाली गेलेली सर्वांना दिसते, आणि शिकणारा ओशाळतो. निदान सोपे असले तरी उपचाराला महिने लागतात. जो दोष पहिल्याच दिवशी जडतो तो पहिल्याच दिवशी टाळता येत असेल, तर तो जडू देण्यात कसले आले आहे शौर्य?

१८८७ साली स्टीव्हन्स या अमेरिकन कारखान्याने काढलेले पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस आजही जगभर नवशिक्याचे पहिले काडतूस आहे. त्याच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत स्फोटक द्रव्य भरलेले असते आणि कडेवर आघात होताच ते पेटते, म्हणून या जातीला रिमफायर म्हणतात. शिशाची गोळी जेमतेम अडीच-पावणेतीन ग्रॅम वजनाची. खांद्याला बसणारा धक्का इतका क्षीण की दहा-बारा वर्षांचे मूलही तो हसत सोसते. पण धक्का निकालात निघाला तरी आवाज उरतोच. कानाशी तो १४० डेसिबलच्या आसपास जातो, आणि अमेरिकेच्या कामगार-सुरक्षेच्या नियमांत क्षणिक आघाती आवाजाची कमाल मर्यादा नेमकी तितकीच सांगितली आहे.

सायलेन्सरचे कार्य तत्त्वतः मोटारीच्या सायलेन्सरसारखेच आहे, आणि हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. १९०९ साली या उपकरणाचे पेटंट मिळविणारे हायरम पर्सी मॅक्सिम यांनी मोटारींच्या धुराड्यांचा गोंगाट कमी करण्यासाठीही हेच तत्त्व वापरले. गोळीच्या मागोमाग नळीतून उसळणारा तप्त वायू एकामागून एक अशा पडद्यांच्या कोठड्यांत अडतो, पसरतो, निवतो आणि मग धिम्या गतीने बाहेर पडतो. येथे इतिहासाने एक विलक्षण गंमत केली आहे. या हायरम पर्सींचे वडील म्हणजे ज्यांच्या मशीनगनने आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्याला माणसे गवतासारखी कापण्याचे सामर्थ्य दिले तेच हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, आणि आपल्याच तोफांच्या धडाक्याने त्यांची श्रवणशक्ती उतारवयात पार गेली होती. पित्याने गर्जना जन्माला घातली आणि पुत्राने तिला लगाम घातला. कादंबरीकाराने असे कथानक रचले असते तर टीकाकारांनी त्याला कृत्रिम म्हटले असते.

चित्रपटांतील खलनायकाच्या पिस्तुलातून येणारा तो ‘फुस्स’ आवाज मात्र सर्वस्वी काल्पनिक आहे. सायलेन्सर साधारणतः वीस ते तीस डेसिबल कमी करतो, त्याहून अधिक क्वचितच. आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर हवेत फुटणारा तिचा चाबकासारखा कडकडाट कोणत्याही उपकरणाने मिटत नाही, कारण तो नळीच्या तोंडाशी न होता गोळीच्या संपूर्ण मार्गावर होत असतो. म्हणून या कामी मंदगती काडतूस निवडतात. वीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, आणि हे काडतूस गोळीला ३२० मीटरच्या आगेमागे ठेवते. हिवाळ्यात पारा शून्यावर आला की ध्वनीचाच वेग ३३१ पर्यंत उतरतो आणि दोहोंतील अंतर इतके अरुंद होते की पेटीतील एखादे तेजतर्रार काडतूस मध्येच कडाडते. बोल्टची रायफल आणि मंदगती काडतूस असा जोड जमला तर कानी येते ती घोड्याची टिकटिक, एक दबका खोकला आणि पन्नास यार्डांवरील पोलादी पत्र्याचा टणत्कार.

हा टणत्कारच खरा गुरू आहे. आमच्या स्नेह्यांच्या पत्नी, वयाने पन्नाशीच्या, फटाक्यांच्या आवाजानेही दिवाळीत घरात जाऊन बसणाऱ्या, पेनसिल्व्हेनियातील आमच्या क्लबाच्या मैदानावर प्रथमच टेबलाशी बसल्या, तेव्हा त्यांच्या खांद्यांची उंचीच मनाची अवस्था सांगत होती. मी त्यांच्या डाव्या हाताशी उभा होतो आणि नेहमीच्या स्वरात बोलत होतो: “श्वास सोडा. बोट हळू. अजून हळू.” बार झाला, पत्रा वाजला, आणि वहिनींनी डोळा न हलवता विचारले, “झाला का बार?” “झाला, वहिनी. बोट बाहेर घ्या, मग बोल्ट मागे.” हा संवाद बार आणि पुढचा बार यांच्या मध्ये, न ओरडता, होऊ शकला यातच माझ्या प्रतिपादनाचे सार आहे. कानांवर जाड आवरणे चढवून जो शिकतो त्याला शिक्षकाची हाक तरी ऐकू येते किंवा खूण तरी दिसते. सूचना ऐकू येत नाही. अर्थात शेजारच्या टेबलाशी कोणी मोठ्या बोअरची रायफल घेऊन बसला असेल तर हा सारा खेळ फुकट, आणि आवरणे तर तेव्हा अनिवार्यच. यासाठी आठवड्याच्या मधल्या दिवशीची सकाळ बरी.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्या लागतात. सायलेन्सरच्या पोकळीतील हवेत प्राणवायू असल्याने पहिला बार पुढच्यांपेक्षा ठळक होतो, आणि नवशिक्याला नेमका तोच मिळू नये म्हणून तो शिक्षकाने आपल्या हाताने उडवावा. आट्यांवर चढविलेले उपकरण बारांच्या ओघात सैल होते. ते वाकडे बसले तर गोळी आतल्या पडद्यावर आदळते, म्हणून मधूनमधून रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, ते घट्ट आहे ना हे चाचपावे. शिशाची राळ आत साचते ती वेगळीच. आणि सर्वांत महत्त्वाचे: आवाज उणा झाला म्हणून गोळी उणी झालेली नाही. या इवल्या काडतुसाच्या पेट्यांवर दीड मैल पल्ल्याचा इशारा छापलेला असतो, तो नवशिक्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

कायद्याची कैफियत अशी की १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने शिकागोच्या टोळ्यांच्या मशीनगनींबरोबर सायलेन्सरलाही एकाच दावणीला बांधले आणि त्यावर दोनशे डॉलरांचा कर बसविला, जो त्या मंदीच्या काळात वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट होता. तो कर तब्बल नव्वद वर्षे तसाच राहिला आणि २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि सरकारी दप्तरातील नोंद मात्र कायम आहे. ४२ राज्यांत नागरिकाला हे उपकरण बाळगण्याची मुभा आहे. उरलेल्या आठांत न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय येतात, म्हणजे मराठी मंडळांच्या गणेशोत्सवांना जेथे सर्वाधिक गर्दी लोटते नेमकी तीच राज्ये. एडिसनच्या मराठी माणसाला या शिक्षणासाठी डेलावेअर नदी ओलांडून आमच्याकडे यावे लागते. त्यातही एच-वन व्हिसावर आलेल्या तरुणाने ध्यानात ठेवावे की शिकारीचा वैध परवाना यांसारखा अपवाद लागू नसेल तर क्लबात घटकाभर रायफल हाती धरणेही त्याच्यासाठी केंद्रीय गुन्हा ठरू शकते. मित्राच्या आग्रहास्तव त्याने हा प्रसंग ओढवून घेऊ नये.

कर गेला हे योग्यच झाले. नोंदही जावी असा जो घोष काही मंडळी करीत आहेत त्यात मात्र माझा स्वर नाही. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीचच्या नगरपालिकेच्या इमारतीत बारा माणसांचा जीव घेणाऱ्या इसमाच्या पिस्तुलावर सायलेन्सर होता. त्यामुळे हत्या घडल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु आवाज कोठून येतो हे न उमगल्याने पळणाऱ्यांचा एखादा क्षण वाया जाणे अशक्य नाही, आणि अशा एका क्षणाची किंमत माझ्या अर्जाच्या दिरंगाईहून कितीतरी जड आहे. ज्याला शिकवायचेच आहे त्याला ठसे देण्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

भारतात ही मागणी मी करणार नाही. तेथे शस्त्र नियमांनी आवाज दडविणारे उपसाधन निषिद्ध वर्गात घातले आहे, आणि नवशिक्याची गरज दुसऱ्याच वाटेने भागली आहे. आपली मुले दहा मीटरवरील एअर रायफलने प्रारंभ करतात. वीस ज्यूलहून कमी शक्तीच्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि तिचा आवाज टाळीहून मोठा नाही. पुढे तीच मुले पन्नास मीटरच्या रायफलीकडे वळतात, तोवर बोट शहाणे झालेले असते. म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत २०१० साली सुवर्णपदक जिंकणाऱ्या तेजस्विनी सावंत आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे स्वप्निल कुसाळे या कोल्हापूरच्या दोघांनीही ही कीर्ती पॉइंट टू-टूच्या उघड्या आवाजाच्या रायफलीनेच मिळविली. अमेरिकेत एअर रायफलीला पोरखेळ समजण्याची जी खोड आहे ती गेली, तर माझा निम्मा लेख अनावश्यक ठरेल.

राहता राहिला एक मतभेद, जो क्लबातील माझ्या मित्रांशी अजून मिटलेला नाही. नवशिक्याला दिवसभर मृदू आवाजातच ठेवून घरी पाठवावे असे त्यांचे म्हणणे. मला ते अर्धवट वाटते. शेवटची पाच काडतुसे मी सायलेन्सर उतरवून, सर्वांच्या कानांवर आवरणे चढवून, वेगवान जातीची देतो. नळीच्या टोकाचे वजन गेल्याने कागदावरचे छिद्र थोडे सरकते, तेही दाखवितो. वहिनी त्या दिवशी पहिल्या बाराला दचकल्या, दुसऱ्याला थोड्या कमी, आणि पाचव्याला त्यांची नळी जागची हलली नाही.