पंडित गेले, भरवसा राहिला



आपल्या संघावर प्रेम असणं आणि भरवसा असणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेम जन्माने मिळतं. आपण विदर्भात जन्मलो, म्हणून विदर्भाचा संघ आपला. त्यात आपलं कर्तृत्व काहीच नाही. भरवसा मात्र त्या संघाला कमवावा लागतो, आणि तो फार सावकाश बसतो. धान लावणाऱ्या आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एका पावसाने कोणी पीक आलं असं म्हणत नाही.

विदर्भ रणजी करंडकात पहिल्यांदा खेळला १९५७-५८ साली. तेव्हापासून पुढची साठ वर्षं आमचं काम एकच होतं, वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर अगदी खालच्या कोपऱ्यात बारीक टायपात विदर्भाचा धावफलक शोधायचा आणि उसासा टाकायचा. मधले कित्येक हंगाम तर आमचा संघ प्लेट गटात होता. शाळेत 'ढ' मुलांचा वेगळा वर्ग करत ना, तसंच ते! तिकडे मुंबई विजेतेपदांची चाळिशी ओलांडत होती आणि इकडे आम्ही डाव वाचला तरी पेढे वाटायच्या बेतात. हरण्याचं दुःखही होईनासं झालं होतं. सवयीचं दुःख हे फार वाईट. ते टोचत नाही, म्हणून ते काढायला कोणी जात नाही.

अशा संघाकडे २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. भारतासाठी पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने खेळलेले यष्टीरक्षक, मुंबईच्या तालमीतले, कडक शिस्तीचे. त्यांच्या हाताखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ अशी तीनदा रणजी जिंकली होती. पण २०१६-१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि पंडितांना जावं लागलं. साहजिकच आमच्याकडे कुजबुज झाली. मुंबईला जे नकोसं होतं ते विदर्भाकडे पाठवतात, ही आमची जुनी तक्रार. बदलीवर पाठवलेल्या अधिकाऱ्यांबद्दल आपण हेच म्हणतो ना!

त्या हंगामात भरवसा कसा चढत गेला, हे पाहण्यासारखं आहे. गटातले सामने जिंकले तेव्हा लोक म्हणाले, "बरं आहे." उपांत्यपूर्व फेरीत केरळला हरवलं तेव्हा म्हणाले, "नशीब चांगलं आहे." मग डिसेंबरात कोलकात्याला ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना आला, तोही कर्नाटकशी. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकने ३०१ केल्या, त्यात एकट्या करुण नायरच्या १५३. नेहमीचा विदर्भ असता तर सामना तिथेच संपला असता. पण दुसऱ्या डावात आपल्या पोरांनी ३१३ केल्या आणि कर्नाटकपुढे १९८ धावांचं आव्हान ठेवलं. शेवटच्या दिवशी सकाळी कर्नाटकचे तीन गडी बाकी होते आणि त्यांना सत्याऐंशी धावा हव्या होत्या. एकेक धाव करत ते जवळ येत गेले. अखेर रजनीश गुरबानीने उरलेले तिन्ही गडी टिपले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. फक्त पाच! स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या त्या पोराने त्या डावात ६८ धावांत सात गडी बाद केले होते.

माझ्या मते विदर्भाच्या क्रिकेटमधला खरा दिवस तो. करंडक नंतर मिळाला. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती केवळ दुसरी. अक्षय वाडकरने आपलं पहिलंच प्रथम श्रेणी शतक त्या सामन्यात काढलं आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. पण त्याआधी, कोलकात्याच्या त्या सकाळी, सामना हातातून निसटत असताना संघ गडबडला नाही. जिंकता येतं हे कळणं वेगळं आणि हरत आलेला सामना धरून ठेवता येणं वेगळं. परीक्षेत शेवटची दहा मिनिटं उरलेली असताना ज्याचा हात थरथरत नाही, त्याचा अभ्यास पक्का झालेला असतो. मी इतकी वर्षं वर्गांवर पहारे केले आहेत, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो.

पुढच्याच वर्षी शंकेला जागा उरली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्याच्या आपल्याच मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. आदित्य सरवटेने सामन्यात अकरा गडी बाद केले. चेतेश्वर पुजारासारखा फलंदाज त्याने पहिल्या डावात एकवर आणि दुसऱ्या डावात शून्यावर परत पाठवला. दोन्ही वर्षी इराणी चषकही आपलाच. २०१९ च्या त्या चषकाची बक्षिसाची रक्कम पुलवामाच्या हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना देण्याचं कर्णधार फैज फजलने जाहीर केलं, तेव्हा ऊर भरून आला होता.

आता मुद्द्याचं बोलतो. हे सगळं पंडितांनी केलं का?

आमचे दादरचे साडूभाऊ (ते हे वाचणारच आहेत) तेव्हापासून छातीठोकपणे सांगतात, "तुमच्या विदर्भाचं काय हो, आमचा पंडित गेला की संपलं!" आमच्या गावातही असं म्हणणारे पुष्कळ आहेत. एक जादूगार आला, कांडी फिरवली, निघून गेला. मला हे म्हणणं पटत नाही. त्यात पंडितांचाही खरा मान राहत नाही आणि आमच्या पोरांचाही.

पंडित आले तेव्हा घर रिकामं नव्हतं. फैज फजल २००३ पासून खेळत होता. वसीम जाफर, गणेश सतीश यांच्यासारखे बाहेरचे अनुभवी खेळाडू आधीच येऊन रुळले होते. प्रशांत वैद्य यांच्यासारख्या माजी खेळाडूंनी विदर्भ क्रिकेट संघटनेच्या अकादमीकडे वर्षानुवर्षं लक्ष दिलं होतं. गोलंदाजांना सुब्रतो बॅनर्जींसारखा गुरू लाभला होता. खापरखेड्याच्या कोळसा खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्येच भारताकडून कसोटी खेळून आला होता. म्हणजे पऱ्हे तयार होते. रोवणी वेळेवर करणारा माणूस हवा होता, तो मिळाला. आडातच नसतं तर पोहऱ्यात कुठून आलं असतं?

मग पंडितांनी काय केलं? माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी 'चालतंय' हा शब्द बंद केला. आमच्या भागाचा हा फार लाडका शब्द. उशीर झाला, चालतंय. झेल सुटला, चालतंय. पहिल्या डावात आघाडी मिळाली ना, मग झालं, चालतंय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण मुलांना फळ्यावर लिहून देतो, पण टाकी हातात घ्यायला कोणी तयार नसतं. त्यात वाईटपणा येतो. तो पंडितांनी घेतला. सगळीच मुलं कडकपणाने फुलतात असं नाही, काही कोमेजतातही, हे शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे. पण जिथे सगळा वर्गच 'पास झालो तरी पुरे' असं म्हणत बसलेला असतो, तिथे पहिल्या वर्षी तरी कडक मास्तरच लागतो.

माझा पुण्याचा नातू फुटबॉलवेडा आहे, मँचेस्टर युनायटेडचा भक्त. त्याच्याकडून ऐकलेली एक गोष्ट इथे लागू पडते. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन त्या क्लबचे व्यवस्थापक झाले नोव्हेंबर १९८६ मध्ये. तीन वर्षं होऊन गेली तरी एकही करंडक नाही. तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता राम राम घ्या, अशा अर्थाचा फलक एका प्रेक्षकाने डिसेंबर १९८९ मध्ये मैदानावर आणला होता. क्लबने धीर धरला. मे १९९० मध्ये पहिला करंडक आला आणि २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा तेरा लीग विजेतेपदं जमा होती. पण पुढचं ऐका. ते गेल्यावर पहिल्याच हंगामात क्लब सातव्या क्रमांकावर घसरला आणि २०२४-२५ मध्ये तर चक्क पंधराव्या! इतका पैसा, इतकं नाव, आणि भरवसा मात्र एका माणसाच्या कोटाच्या खिशात. तो कोट घालून निघून गेला आणि भरवसाही त्याच्याबरोबर गेला.

याच कसोटीवर विदर्भाला घासून पाहा. २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये त्यांनाही पहिली रणजी मिळवून दिली, तीही मुंबईला हरवून! आमच्याकडे तीन-चार वर्षं तशी कोरडी गेली. साडूभाऊंचे फोन वाढले. पण २०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत पोचला. वानखेडेवर मुंबईने ५३८ धावांचं अशक्य आव्हान ठेवलं. विदर्भ हरला, पण ३६८ धावा करून हरला आणि कर्णधार वाडकरने शतक ठोकलं. त्या पराभवानंतर मी पहिल्यांदा निश्चिंत झालो. हा संघ आता कुणाच्या धाकाने खेळत नव्हता, स्वतःच्या अंगवळणी पडलेलं खेळत होता.

पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला नागपुरात ८० धावांनी हरवलं. मग २ मार्च २०२५ रोजी जामठ्याला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा रणजी करंडक विदर्भाचा झाला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ गडी बाद केले. एका रणजी हंगामात इतके गडी त्याआधी कोणीच बाद केले नव्हते. यश राठोडने ९६० धावा काढल्या. दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ आणि ७३ केल्या. आणि प्रशिक्षक कोण? उस्मान गनी, विदर्भाकडून खेळलेला आपलाच माणूस!

त्या सामन्यातल्या दोन गोष्टींनी मला फार आनंद दिला. पहिली म्हणजे करुण नायर. २०१७ मध्ये कोलकात्याला ज्याने आपल्याविरुद्ध १५३ केल्या, तोच आता विदर्भाकडून ८६ आणि १३५ करत होता. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात दिल्लीसाठी शतक काढणारा ध्रुव शोरीही आता आपल्याच संघात. परक्या घरची मुलं आपल्याकडे शिकायला येऊ लागली की शाळेचं नाव झालं असं समजावं. दुसरी गोष्ट म्हणजे आदित्य सरवटे. २०१९ चा आपला नायक केरळकडून खेळत होता आणि त्याने आपल्याविरुद्ध ७९ धावा केल्या. मला त्याचा राग आला नाही. आपल्याकडे तयार झालेलं पोर दुसऱ्या घरी जाऊन ते घर वर काढतं, हेही आपलंच यश आहे. एके काळी आपण फक्त घेत होतो, आता देतोही.

म्हणून माझं म्हणणं असं की, चांगल्या गुरूची परीक्षा तो वर्गात असताना होत नाही. तो गेल्यावर, पुढच्या वर्गात, दुसऱ्या शिक्षकाच्या हाताखाली त्याची मुलं कशी वागतात, त्यावरून होते. या परीक्षेत पंडित पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आहेत, आणि विदर्भही. साडूभाऊ, ऐकताय ना?

पण एवढ्यावर थांबलो तर तेही एक प्रकारचं 'चालतंय' होईल. मुंबई आपल्याला विचारत नाही असं नागपूरने साठ वर्षं म्हटलं. आज गोंदिया, गडचिरोली, भंडाऱ्याची मुलं नागपूरबद्दल काय म्हणतात, तेही ऐकायला हवं. माझ्या वर्गात एक डावखुरा फिरकी टाकणारा मुलगा होता. टेनिस बॉलवर मोठमोठ्या मुलांना नाचवायचा. त्याला नागपूरला पाठवायचं म्हणजे भाडं, राहणं, खाणं आणि दर वेळी बापाची एक मजुरी बुडणं. दहावीनंतर तो राइस मिलवर हमालीला लागला. उमेश यादवही विशीच्या आसपासच सीझन बॉलकडे वळला होता. पण खापरखेडा नागपूरला लागून आहे. अर्जुनी मोरगाव नाही.

एक अकादमी नागपूरला उभी राहिली आणि विदर्भाचं नशीब पालटलं. तशीच लहानशी व्यवस्था प्रत्येक जिल्ह्याच्या गावी व्हावी, बारमाही. एक बरी खेळपट्टी, एक जाळं, एक पगारी प्रशिक्षक आणि मुलांच्या जाण्यायेण्याचं भाडं. आणि शाळाशाळांतून खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची खोड मोडावी. (गणिताच्या सरांनी माफ करावं!) करंडक नागपूरच्या कपाटात आहेत, त्याचा आनंदच आहे. पण विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. आपल्या गावच्या पोरालाही तिथवर जाता येईल असं गोंदियाच्या बापाला वाटू लागेल, त्या दिवशी हा भरवसा खरा विदर्भाचा झाला असं मी म्हणेन.

असो. तुमच्याकडे, तुमच्या तालुक्यात काय परिस्थिती आहे, ते मला जरूर कळवा. साडूभाऊंनी फोनच करावा, त्यांचं उत्तर लांबलचक असणार!